परसबागेतील ढेमशी : उन्हाळी भाजीची लागवड, निगा व पाकसिद्धी

माजलगाव तालुक्यात फाल्गुन सरू लागला की पालेभाज्यांचे वाफे रिकामे होतात. मेथी व शेपू फुलोऱ्यावर जातात, कोथिंबीर करपते, वांग्याची झाडे थकतात. बाजारात भाजी येत नाही असे नव्हे. परंतु ती दूरवरून येते, महाग असते आणि गावापर्यंत पोहोचेतो सुकलेली असते. अशा दिवसांत बहुतेक घरांतून पिठले, वरण, ठेचा व वाळवणे यांवर भागविले जाते. याच सुमारास, म्हणजे गुढीपाडव्याच्या आगेमागे, ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर बाहेर गेलेली कुटुंबे गावी परततात. चार-पाच महिने कोपीत राहून आलेल्या मुलाबाळांना ताज्या भाजीची गरज याच वेळी सर्वांत अधिक असते आणि भाजी नेमकी याच वेळी दुर्मिळ असते.

सिंदफणा नदीवरील माजलगाव धरण व जायकवाडी प्रकल्पाचे कालवे यांमुळे तालुक्यातील काही शिवारास पाणी मिळाले. तथापि ज्यांच्या वाट्यास कालव्याचे पाणी नाही, किंवा ज्यांस शेतीच नाही, अशा घरांना उन्हाळी भाजी घ्यावयाची तर ती घराच्या सांडपाण्यावरच घ्यावी लागेल. हे अशक्य नाही. वेलवर्गीय भाज्यांपैकी ढेमसे हे पीक या कामास विशेष सोयीचे आहे, कारण त्यास मांडव लागत नाही, त्याचा वेल आखूड व जमिनीलगत पसरणारा असतो आणि पेरणीपासून दोन महिन्यांच्या आत त्याची फळे तोडणीस येतात.

ढेमशास उत्तर हिंदुस्थानात टिंडा म्हणतात. इंग्रजी ग्रंथांतून त्याचा उल्लेख हिंदी भोपळा किंवा गोल भोपळा या अर्थाच्या नावांनी आढळतो. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या मात्र तो भोपळा नव्हे. त्याचे नाते भोपळ्यापेक्षा कलिंगडाच्या बाजूस अधिक मानले जाते. पूर्वी त्याची गणना कलिंगडाच्याच प्रजातीत होत असे व पुढे त्यास स्वतंत्र स्थान देण्यात आले. परदेशांत कोवळेपणी खाल्ला जाणारा जो बुटका भोपळा आहे, ज्याला शहरी बाजारात झुकिनी म्हणतात, त्याची जागा आपल्याकडील उन्हाळ्यात हे ढेमसेच भरून काढते. दोहोंची खाण्याची रीत एकच आहे: फळ कोवळे असतानाच, सालीसकट व बियांसकट शिजवावयाचे.

सांडपाण्याचा हिशेब

परसबागेचा आकार जागेवरून न ठरवता पाण्यावरून ठरवावा. पाच माणसांच्या घरात आंघोळीस दरमाणशी १५ लिटर, म्हणजे एक बादली, पाणी लागते असे धरल्यास रोज ७५ लिटर पाणी न्हाणीतून बाहेर पडते. ढेमशाच्या एका आळ्यात दोन वेल ठेवल्यास त्यास फळधारणेच्या काळात रोज सुमारे सहा लिटर पाणी पुरते. वेल लहान असता दोन लिटरही पुरे होते. यावरून बारा आळी हे एका कुटुंबाचे वाजवी प्रमाण ठरते. सहा-सहा आळ्यांच्या दोन ओळी, ओळींत दीड मीटर व दोन आळ्यांत पाऊण मीटर अंतर धरल्यास सुमारे १५ चौरस मीटर, म्हणजे साधारण १६० चौरस फूट जागा पुरते. एवढी जागा घराच्या मागे नसेल तर सहा आळी करावीत. परंतु पाण्याचा अंदाज न घेता पंचवीस आळी खणून मे महिन्यात सर्वच वेल सुकवून घेणे हे श्रमाचा व बियाण्याचा नाश करणे होय.

कोणते पाणी वापरावे याबद्दल थोडी दक्षता हवी. न्हाणीचे व भाजी-धान्य धुतलेले पाणी चालते. कपडे धुतल्याचे पाणी, विशेषतः धुण्याचा सोडा घातलेले, आळ्यात सोडू नये. तालुक्यातील काळी जमीन आधीच विम्लतेकडे झुकणारी आहे. सोड्यातील क्षारांनी तिचे कण फुटून ती चिकट व घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. न्हाणीचे पाणी एका लहान खड्ड्यात खडी व वाळूच्या थरातून गाळून घेतल्यास साबणाचा फेस व केस मागे राहतात. पाणी नेहमी मुळाशी द्यावे. पानांवर व फळांवर शिंपडू नये.

ज्या घरी एवढेही पाणी नाही तेथे मडक्याची रीत उपयोगी पडते. न भाजलेले किंवा झिलई दिलेले मडके चालत नाही. साधे भाजलेले, पाझरणारे मडके गळ्यापर्यंत आळ्याच्या मध्यभागी पुरावे, त्यात पाणी भरून तोंडावर झाकणी ठेवावी आणि मडक्याभोवती बी लावावे. माती कोरडी झाली की पाणी आपोआप पाझरते, ओली असली की थांबते. वरची माती कोरडीच राहत असल्याने तणही कमी उगवते. घरात टाकून दिलेला जुना माठ या कामास उत्तम.

आळी व पेरणी

आळे ४५ सेंटिमीटर रुंद व तितकेच खोल खणावे. खणलेली काळी माती जशीच्या तशी परत भरू नये. ती एप्रिलमध्ये भेगाळते व कोवळी मुळे तोडते. निम्मी माती व निम्मा नदीकाठचा पोयटा किंवा तलावातील गाळ घेऊन त्यात एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत व दोन ओंजळी चुलीची राख मिसळावी. अर्धवट कुजलेले शेणखत घातल्यास वाळवी व हुमणी लागते. युरियाचा मोह टाळावा. नत्र अधिक झाल्यास वेल हिरवागार होतो, नर फुले भरपूर येतात आणि मादी फुले कमी होतात. उकिरड्याच्या कडेला लावलेला वेल नुसता माजतो व फळत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

पेरणीचा योग्य काळ जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत होय. थंडी सरण्यापूर्वी पेरलेले बी मातीतच पडून राहते व कुजते. मार्च उलटल्यावर पेरलेले उगवते खरे, परंतु वेल फुलावर येतो तेव्हा उष्णतेचा कहर असतो. फेब्रुवारीच्या मध्यास पेरल्यास एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली तोडणी मिळते. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांच्या घरी बहुधा आजी-आजोबा मागे राहिलेले असतात. त्यांना जानेवारीतच बियाण्याची पुडी पोहोचती करून दोन-चार आळी खणून दिली तर मुले परततील तेव्हा वेलावर फळे असतील. परतल्यावर पेरावयाचे म्हटले तर हंगाम हातचा गेलेला असतो.

बियाणे निवडताना बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का टिंडा’ किंवा लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचा वाण मिळाल्यास घ्यावा. बाजारात ‘दिलपसंद’ या नावानेही बियाणे मिळते. बी रात्रभर पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात एक दिवस बांधून मग लावावे. प्रत्येक आळ्यात चार बिया दोन सेंटिमीटर खोल टोचाव्यात आणि उगवल्यावर दोन-तीन पाने आली की जोमदार दोन रोपे राखून बाकीची कापून टाकावीत. उपटू नयेत, कारण उपटताना शेजारच्या रोपाची मुळे हलतात.

मार्चपासून आळ्याभोवती उसाच्या पाचटाचे चार बोटे जाडीचे आच्छादन करावे. ऊस पिकविणाऱ्या या भागात पाचट जाळण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. परसबागेस मात्र त्यासारखी वस्तू नाही. त्याने ओल टिकते, माती तापत नाही व फळे मातीला न टेकता स्वच्छ राहतात. पश्चिमेच्या झळा अडविण्यासाठी तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कुड उभा करावा. शेळ्या व कोंबड्या यांच्यापासूनही तो रक्षण करतो, आणि खेड्यातील परसबागेचा पहिला शत्रू कीड नसून शेळी आहे हे कोणीही सांगेल.

फुले येतात, फळे का धरत नाहीत?

परसबागेतील वेलांविषयी सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार ही की, वेल फुलांनी भरला परंतु फळ एकही नाही, किंवा फळ सुपारीएवढे होऊन गळून पडते. यावर नजर लागली, विटाळ झाला, बी खोटे निघाले अशी नाना कारणे सांगितली जातात आणि पुष्कळ वेळा चांगला वेल उपटून टाकला जातो. खरे कारण फुलांच्या रचनेत आहे, व ते एकदा प्रत्यक्ष पाहिले की विसरले जात नाही.

ढेमशाच्या वेलावर दोन प्रकारची पिवळी फुले येतात. नर फुलाचा देठ साधा असतो. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली लव असलेली, हरभऱ्याएवढी हिरवी गोळी असते. तीच पुढे फळ होते. प्रथम काही दिवस केवळ नर फुलेच येतात. ती गळतात, व गळणारच. त्यात चिंतेचे काही नाही. नंतर मादी फुले दिसू लागतात. मादी फूल सकाळी उमलते व त्याच दिवशी मिटते. त्या अवघ्या काही तासांत नर फुलातील पराग मादी फुलाच्या कुक्षीवर पोहोचला पाहिजे. पराग चिकट असल्याने तो वाऱ्याने उडत नाही. ते काम मधमाशीच करते. मधमाशी आली नाही तर गोळी दोन-तीन दिवस तशीच राहते, पिवळी पडते, सुरकुतते व गळते. पराग अपुरा पडला तर फळ धरते, परंतु एका बाजूस फुगीर व दुसऱ्या बाजूस आखडलेले होते.

उन्हाळ्यात मधमाश्या कमी का होतात हेही समजून घ्यावे. शिवारात फुलोरा उरलेला नसतो, पाणी आटलेले असते आणि शेजारच्या वावरात सकाळच्याच वेळी विषारी औषधांची फवारणी चाललेली असते. यावर उपाय म्हणून बागेच्या कोपऱ्यात उथळ परळात पाणी व त्यात चार खडे ठेवावेत, म्हणजे माशी न बुडता पाणी पिऊ शकते. तुळस फुलू द्यावी. सूर्यफुलाची पाच-सात झाडे लावावीत. फुलोऱ्यात कोणतीही फवारणी करावयाची झाल्यास ती सूर्यास्तानंतरच करावी.

एवढे करूनही माश्या फिरकत नसतील तर हाताने परागसिंचन करावे. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान नुकतेच उमललेले नर फूल देठासह खुडावे, त्याच्या पाकळ्या सोलून टाकाव्यात व मधला परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर अलगद टेकवून फिरवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांस पुरते. बारा आळ्यांस हे काम दहा मिनिटांचे आहे आणि शाळकरी मुले ते मोठ्यांपेक्षा नीट करतात.

सर्वच वेलांना सकाळची वेळ लागू पडत नाही, हे येथे सांगणे आवश्यक आहे. भोपळा, काकडी, घोसाळे व ढेमसे यांची फुले सकाळी उमलतात; दुधी व दोडका यांची मात्र सायंकाळी. दुधीची पांढरी फुले तिन्हीसांजेला उघडतात व रात्रीच्या पतंगांची वाट पाहतात. दुधीला हाताने परागसिंचन करावयाचे ते दिवेलागणीच्या वेळी. सकाळी दहा वाजता दुधीच्या मिटलेल्या फुलांशी झटापट करून ‘हे सारे पुस्तकी आहे’ असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. त्याच कारणास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी परसबागेचे प्रात्यक्षिक ग्रामपंचायतीच्या सभेनंतर भर दुपारी ठेवू नये. सकाळी सातला चार घरच्या महिलांना एका वेलापाशी जमवून नर व मादी फूल हातात द्यावे. तासाभराच्या व्याख्यानाचे काम तेवढ्याने होते.

गळलेली गोळी हाती घेऊन पाहण्याची सवयही लावून द्यावी. ती नुसतीच पिवळी व सुरकुतलेली असेल तर पराग मिळालेला नाही. तिच्यावर सुईने टोचल्यासारखा डाग असेल, त्यातून डिंकासारखा थेंब आला असेल व चिरल्यावर आत पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ते फळमाशीचे काम होय. दोहोंचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात औषध मारले तर उरलेल्या मधमाश्याही मरतात व रोग वाढतो.

कीड व रोग

फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते, अळ्या गर खातात आणि पूर्ण वाढल्यावर मातीत शिरून कोष करतात. यास्तव किडलेली व गळलेली फळे रोज वेचून घट्ट बांधलेल्या पिशवीत उन्हात ठेवावीत किंवा हातभर खोल पुरावीत. ती उकिरड्यावर फेकणे म्हणजे माशीची पैदास करणे होय. आळ्यातील वरची माती आठवड्यातून एकदा हलकेच खुरप्याने हलवावी, म्हणजे कोष उघडे पडून उन्हाने व पाखरांमुळे नष्ट होतात. क्यूल्युरचा सापळा टांगल्यास नर माश्या त्यात सापडतात. मात्र एका घरी सापळा व शेजारी चार घरी सडकी फळे पडलेली, असे असल्यास त्याचा उपयोग थोडा. आळीतील सर्वांनी मिळून करावयाची ही गोष्ट आहे.

तांबडे भुंगेरे रोपे दोन पानांवर असतानाच ती चाळणीसारखी करून टाकतात. भल्या पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. पानांवर चाळलेली राख धुरळण्याची जुनी रीत या अवस्थेत उपयोगी आहे. त्याने न भागल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा: अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, फडक्यातून गाळून एकूण दहा लिटर पाणी करावे व थोडा साबणचुरा मिसळावा. पानांवर भुरी आल्यास जुनी पाने काढून टाकावीत. इतर पिकांवरील भुरीसाठी वापरली जाणारी गंधकाची भुकटी कडक उन्हात वेलवर्गीय पिकांवर धुरळू नये. त्याने पाने करपतात. पाने पिवळीहिरवी चित्रविचित्र होऊन आखडलेला वेल विषाणुरोगाचा असतो. त्यास औषध नाही. तो लगेच उपटून पुरावा.

तोडणी

ढेमसे लहान तोडावे की मोठे होऊ द्यावे, या प्रश्नावर घराघरांत मतभेद असतात. फळ वाया जाऊ नये म्हणून ते पेरूहून मोठे होईपर्यंत वेलावर ठेवण्याची प्रवृत्ती असते. प्रत्यक्षात त्यानेच नुकसान होते. फूल मिटल्यापासून सुमारे आठवड्याने, फळ मोठ्या लिंबाएवढे व लव असलेले असताना ते तोडावे. नख सहज रुतले पाहिजे व आतील बिया मऊ, पांढऱ्या असल्या पाहिजेत. एक फळ वेलावर पिकू लागले की वेलाची सारी शक्ती त्यातील बियांकडे जाते व नवी मादी फुले येणे मंदावते. दर दोन-तीन दिवसांनी तोडणी करणाऱ्याला म्हणूनच एकूण अधिक फळे मिळतात. फळ पिळून तोडू नये. चाकूने थोड्या देठासह कापावे.

उत्पन्नाची अपेक्षा माफक ठेवावी. शेतावर हेक्टरी १०० ते १२५ क्विंटल हे ढेमशाचे चांगले उत्पन्न समजले जाते. त्या हिशेबाने एका वेलास साधारण पाऊण किलो येते. बारा आळ्यांतील चोवीस वेल पाच-सहा आठवड्यांत मिळून १८ ते २० किलो देतील. म्हणजे आठवड्यास तीन किलोंहून अधिक, पाच माणसांच्या घरास तीन ते चार वेळची भाजी. विकण्याजोगे यातून काही उरत नाही, परंतु एप्रिल-मेमध्ये भाजीसाठी पदरचे पैसे मोडावे लागत नाहीत.

स्वयंपाकघरात

ढेमशात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते पचनास हलके व उन्हाळ्यास योग्य आहे; अंगी बळ आणणारे अन्न म्हणून त्याची स्तुती करणे मात्र खरे नव्हे. ते बळ त्यासोबतच्या डाळीतून व शेंगदाण्यांतून येते. म्हणून ढेमसे एकटे न शिजवता त्यांच्यासह करावे. कोवळ्या ढेमशाची साल काढू नये; ओल्या फडक्याने लव पुसून घेतली की पुरे. चिरल्यावर पाण्यात भिजत ठेवू नये व शिजवताना वरून पाणी घालू नये. स्वतःच्या पाण्यातच ते शिजते.

भरल्या ढेमशांसाठी लिंबाएवढी आठ-दहा फळे घ्यावीत. देठाची बाजू अखंड ठेवून त्यांना चार चिरा द्याव्यात. अर्धी वाटी दाण्याचे कूट, दोन चमचे भाजलेले तीळ, थोडे भाजून कुटलेले सुके खोबरे, आठ-दहा लसूणपाकळ्या, काळा मसाला, मीठ व चवीपुरता गूळ एकत्र वाटून ते सारण चिरांत दाबून भरावे. लोखंडी कढईत तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी करून ढेमशी एकेक करून ठेवावीत, ताट झाकून ताटात पाणी घालावे व मंद आंचेवर शिजू द्यावीत. मध्ये एकदा उलटावीत. पंधरा-वीस मिनिटांत ती मऊ होतात. उरलेले सारण शेवटी वरून घालून जरा परतावे. ज्वारीच्या भाकरीशी ही भाजी चांगली लागते.

फळे थोडी आणि माणसे अधिक असतील तेव्हा रस्सा करावा. मूठभर हरभऱ्याची डाळ तासभर भिजवून फोडणीत परतावी, ढेमशाच्या फोडी घालाव्यात व दोन्ही शिजत आल्यावर पाण्यात कालवलेले दोन चमचे येसर लावावे. येसर घराघरांत वर्षाचे करून ठेवलेले असतेच. त्याने रस्सा दाट होतो व पातळ भाजीलाही अंग येते.

नजरेतून सुटून मोठे झालेले, जून फळ टाकून देऊ नये. त्याची साल व बिया काढून गर किसावा आणि ज्वारीच्या पिठात हिरवी मिरची, तीळ व कोथिंबीर घालून थालीपीठ लावावे. राजस्थानात ढेमशाच्या चकत्या उन्हात वाळवून ठेवतात व त्यांस फोफलिया म्हणतात. वर्षभर त्या भिजवून भाजीस वापरल्या जातात. माजलगावचे एप्रिलचे ऊन त्यासाठी राजस्थानपेक्षा उणे नाही, आणि कुरडया-पापड्यांच्या वाळवणाबरोबर एका कापडावर या चकत्याही सहज वाळतात.

कडू फळाविषयी एक गोष्ट मात्र प्रत्येक घरी पोहोचली पाहिजे. ढेमसे, दुधी, दोडका, काकडी, भोपळा यांपैकी कोणतेही फळ शिजविण्यापूर्वी देठाकडील लहानशी चकती जिभेस लावून पाहावी. कडू लागल्यास थुंकून टाकावी व ते फळ पूर्णपणे टाकून द्यावे. या कुळातील वेलांत कुकुरबिटासिन नावाचे कडू द्रव्य असते. ते अधिक प्रमाणात पोटात गेल्यास उलट्या, जुलाब व रक्तस्रावही होतो. शिजविल्याने किंवा गूळ घातल्याने विष जात नाही, चव तेवढी झाकली जाते. कडू दुधीचा रस पिऊन देशात मृत्यूही घडले आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ गटाने त्याची चौकशी करून २०१२ साली अहवाल प्रसिद्ध केला. पाण्याचा ताण पडलेल्या व आपोआप उगवलेल्या वेलांची फळे कडू निघण्याचा संभव अधिक असतो. ‘कडू ते औषधी’ ही समजूत येथे जिवावर बेतणारी आहे.

शेजारी कडू दोडका असल्याने काकडी कडू झाली, असे पुष्कळदा म्हटले जाते. दोडक्याचा पराग काकडीला लागूच पडत नाही. शिवाय परक्या परागाचा परिणाम झालाच तर तो त्या फळातील बियांवर व पुढच्या पिढीवर होतो, चालू फळाच्या गरावर नव्हे.

हिवाळ्यातील बुटका भोपळा

ज्यांना झुकिनी लावून पाहण्याची हौस आहे त्यांनी ती उन्हाळ्यात न लावता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावी. नावाने उन्हाळी असला तरी हा भोपळा थंड देशांच्या उन्हाळ्याचा आहे. आपल्या वैशाखात त्याची फळे धरत नाहीत. मूळ अमेरिका खंडातील हे पीक युरोपात जाऊन इटलीत त्याच्या लांबट हिरव्या फळास आजचे रूप आले. भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा अलंकार’ हा संकर वाण व ‘ऑस्ट्रेलियन ग्रीन’ हा सरळ वाण आपल्या देशात परिचित आहेत. त्याचा वेल होत नाही, झुडूप होते. दीड-दोन हाताच्या चौकोनात एक झाड मावते व पन्नास दिवसांच्या आत वीतभर लांबीची फळे मिळतात. परागसिंचनाचे सारे नियम ढेमशाप्रमाणेच. चव सौम्य असल्याने काळ्या मसाल्यात ती हरवते. हिरवी मिरची, जिरे व दाण्याचे कूट एवढेच घालून परतलेली बरी लागते. त्याच्या व लाल भोपळ्याच्या जादा नर फुलांची बेसनात घोळून भजी करता येतात. परागासाठी प्रत्येक झाडावर दोन-तीन नर फुले शिल्लक ठेवावीत म्हणजे झाले.

पुढील वर्षाचे बियाणे

संकर वाणाचे बी घरी धरू नये. सरळ वाणाचे अवश्य धरावे. ढेमशाचा इतर वेलभाज्यांशी संकर होत नसल्याने परसबागेतही बियाणे शुद्ध राहते, फक्त शेजारी ढेमशाचा दुसरा वाण नसावा. सर्वांत निरोगी व गोड फळांचा एक वेल मेच्या प्रारंभी निवडून त्यावरील दोन-तीन फळे न तोडता पिकू द्यावीत. बाकीच्या वेलांची तोडणी चालूच ठेवावी. फळाची साल टणक व देठ वाळला म्हणजे ते उतरवून आठवडाभर सावलीत ठेवावे, मग फोडून एका बीची चव घेऊन पाहावी. कडू नसल्यास बिया धुवून, पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ बिया काढून, सावलीत फडक्यावर खडखडीत वाळवाव्यात. कोरड्या बाटलीत तळाशी दोन बोटे राख, त्यावर कागदाच्या पुडीत बी व घट्ट बूच, अशी ती दोन वर्षे उगवणक्षम राहते. पुडीवर वाण व वर्ष लिहावे. अधिक माहितीसाठी परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, तसेच खामगाव (ता. गेवराई) व दिघोळअंबा (ता. अंबाजोगाई) येथील कृषी विज्ञान केंद्रे यांच्याशी संपर्क साधावा, जाताना किडलेले पान किंवा गळलेली गोळी कागदात गुंडाळून सोबत न्यावी.